वेग : माहीत नाही

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी सांगते, मी दुभाषी आहे. लोकांना वाटतं, बाईला फ्रेंच-जर्मन येत असणार. तसलं काही नाही. यंत्रात जिथे नेटवर्कची केबल खुपसतात तिथे एक चिप असते. चिपची भाषा यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमला समजत नाही, आणि सिस्टिमची चिपला समजत नाही. दोघींच्या मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टिम विचारते, केबलचा वेग किती? ड्रायव्हर चिपच्या कानाला लागतो, ऐकून घेतो आणि आकडा सांगतो. शंभर, हजार, दहा हजार, जो असेल तो. गेली वीस वर्षं मी असले ड्रायव्हर लिहिते. माझं नाव कुणाला माहीत नाही आणि नसावंच. दुभाष्याचं नाव चारचौघांत निघालं, की समजावं काहीतरी घोळ झालाय.

माझं निघालं दोन हजार बेचाळीस सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी.

"सारिकाताई, एक सही हवी होती," हर्षद म्हणाला. हर्षद कुलथे आमच्या पुण्याच्या ऑफिसातला टीमप्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. "फॉर्मॅलिटी आहे. एका दूरहाताची चौकशी चाललीय. त्यात आपला ड्रायव्हर आहे. नेटवर्कचा वेग बरोबर नोंदला गेला होता, एवढं एका ओळीत लिहून द्यायचं. सोमवारी समिती बसतेय."

"कुठला दूरहात?"

"कोयनेच्या बॅकवॉटरमधलं कुठलंसं गाव. पिंपरोशी."

मी पेन खाली ठेवलं. पिंपरोशी म्हणजे माझं गाव. माझे वडील, आप्पा, तिथेच असतात.

दूरहात आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. आरोग्यकेंद्रातल्या टेबलाशेजारी एक यांत्रिक हात असतो. साताऱ्यात बसलेला डॉक्टर एक जाड हातमोजा घालतो. डॉक्टरने बोट हलवलं की इथला हात हलतो, आणि इथल्या हाताला जे लागतं, मऊ, कडक, बरगडी, ते हातमोज्यातून डॉक्टरच्या बोटांना जाणवतं. सोनोग्राफीचं चित्रही समोर दिसतं. त्या हाताने पोट तपासता येतं आणि सुईसुद्धा घालता येते. पिंपरोशी आणि आसपासच्या चौदा गावांना रस्ता नाही, लाँच आहे. तिथल्या लोकांना हा हात म्हणजे डॉक्टरच वाटतो. सुरुवातीला बायका त्याला नमस्कार करायच्या.

डिसेंबरच्या दहा तारखेला या हाताने गावातल्या हौसाकाकींच्या छातीतलं पाणी काढताना सुई अर्धा इंच जास्त आत गेली. फुप्फुसाला लागली. अडीच तास लाँच आणि गाडी करून त्यांना साताऱ्याला नेलं, नशिबाने वाचल्या. आप्पांनी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "हौसाला सुई लागली जरा. आता बरी हाय." आप्पांच्या तोंडी सगळं नेहमी बरंच असतं. दर रविवारी मी विचारते, कसे आहात? ते म्हणतात, ठणठणीत. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं लाइनमन होते. लाइन खराब आहे असं बोलायची जिभेला सवय नाही.

"यात डॉक्टरांचं काय होणार?" मी हर्षदला विचारलं.

"ते वेगळं प्रकरण. नेटवर्क ठीक, यंत्र ठीक, म्हणजे हात थरथरला त्यांचा. एकोणसाठ वय आहे. होतं असं."

सही करण्याआधी नोंदी बघायची मला खोड आहे. कुणी तिला किरकिर म्हणतं. त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. वेगाच्या रकान्यात सकाळपासून एकच आकडा, हजार, हजार, हजार. पुढच्या रकान्यात प्रत्यक्ष किती माहिती गेली त्याचा आलेख होता. साधी तपासणी चालली होती तेव्हा तीस-चाळीस. सुईचं काम सुरू झालं, स्पर्श आणि सोनोग्राफीचं दुहेरी चित्र दोन्ही चालू झाली, तसा आलेख झरझर चढला. पन्नास, सत्तर, नव्वद, पंच्याण्णव. आणि तिथे कासच्या पठारासारखा सपाट झाला. बारा मिनिटं पंच्याण्णवच्या वर टोकभरही गेला नाही.

सुईच्या कामाला दीडशे लागतात. हजाराची वाट मोकळी असताना दीडशेच्या गरजेचं गाडं पंच्याण्णवला का अडावं? अडतं ते एकाच ठिकाणी. शंभराच्या वाटेवर.

मी ड्रायव्हरची जुनी फाइल उघडली. कारण असं कशामुळे होऊ शकतं हे मला माहीत होतं, आणि ते माझ्याच फाइलमध्ये, माझ्याच एका ओळीत होतं.

ते असं आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. हजाराच्या वेगाला चारही जोड्या लागतात. शंभराला दोन पुरतात. केबल लावली की दोन्ही टोकांच्या चिपा आधी आपसात बोलणी करतात: मला हजार जमतं, तुला? मलाही जमतं. गंमत अशी की ही बोलणी पहिल्या दोनच जोड्यांवर होतात. समजा उरलेल्या दोन तुटक्या आहेत. बोलणी झकास होतात, हजार ठरतं, प्रत्यक्षात काही ते जमत नाही. चिप दोनचार वेळा झटते आणि मग गुपचूप शंभरावर उतरते. उतरल्याची नोंद ती आपल्या एका वेगळ्या खणात करते. शहाण्या ड्रायव्हरने तो खण उघडून बघायचा असतो.

माझा ड्रायव्हर बघायचा. पण काही चिपांचा तो खण पहिले काही क्षण रिकामाच असतो. तेवढ्यात सिस्टिमने वेग विचारला तर खरं उत्तर एकच: माहीत नाही. तीस साली मी तसंच लिहिलं होतं. तर चाचणीच्या फळ्यावर त्याचा पिवळा ठिपका यायचा, आणि आमच्याकडे शुक्रवारचा नियम होता, फळा पूर्ण हिरवा असल्याशिवाय माल बाहेर जात नाही. सलग तीन शुक्रवार माझ्या एका पिवळ्या ठिपक्यापायी अख्ख्या टीमचा माल अडला. लोक डब्याच्या वेळी माझ्याशी बोलेनासे झाले. चौथ्या शुक्रवारी मी एक ओळ घातली: माहीत नसेल तर बोलणीत जे ठरलं तेच सांग, आणि केबल उपसेपर्यंत पुन्हा विचारू नकोस. शेजारी लिहून ठेवलं, "तात्पुरते. नंतर बदलणे." फळा हिरवा झाला. कुणीतरी जिलेबी आणली, मीही खाल्ली.

ते तात्पुरतं बारा वर्षं टिकलं. कुणी काय करून दाखवलं ते न बघता काय कबूल केलं होतं तेच माझी ओळ जगाला सांगत राहिली. दूरहात त्या आकड्यावर विसंबून होता. हजार ऐकून त्याने माहितीचा पूर्ण लोंढा सोडला. शंभराच्या वाटेवर तो तुंबला आणि डॉक्टरांना सगळं जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा दिसू आणि जाणवू लागलं. मग दूरहातातल्या उशीर मोजणाऱ्या घड्याळाला कसं कळलं नाही? त्याची माहितीची पुडकी लहान आणि महत्त्वाची, म्हणून ती वेगळ्या रांगेने जातात, देवळातल्या व्हीआयपी दर्शनासारखी. त्यांना गर्दी लागतच नाही. घड्याळ म्हणत होतं, उशीर नाही. आकडा म्हणत होता, हजार. राहता राहिला माणसाचा हात.

शुक्रवारी मी रजा टाकून साताऱ्याला गेले. डॉ. रोहिदास धायगुडे त्यांच्या छोट्या खोलीत एकटेच बसले होते. हातमोजा टेबलावर, घडी घातलेला.

"तुम्ही शेलार आप्पांच्या कन्या," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या." स्वतः कप उचलून माझ्या हातात दिला. कपातला चहा जराही हलला नाही.

"डॉक्टर, तुमचा हात तर स्थिर आहे."

"आता आहे. त्या दिवशी नव्हता." ते शांतपणे बोलत होते, दुसऱ्या कुणा पेशंटचं सांगावं तसं. "मला वाटत होतं, सुई अजून छातीतल्या पडद्याच्या अलीकडे आहे. बोटांना तसंच लागत होतं. पण यंत्राच्या नोंदी आहेत ना बाई. उशीर शून्य. वेग हजार. सगळं हिरवं. मग बोटं खोटं बोलली, दुसरं काय? महिनाभर मी हाच विचार करतोय. आता शर्टाचं बटण लावतानासुद्धा मी हाताकडे बघतो. समितीची वाट कशाला बघायची? सोमवारी मीच लिहून देतोय, हातमोजा बंद."

"आणि चौदा गावं?"

"दुसरा डॉक्टर शोधतील." मग हातमोजा जरा बाजूला सारत म्हणाले, "अजून कुणी हो म्हटलेलं नाही."

मला तेव्हाच सांगायचं होतं. पण आलेखाचं पठार ही माझी शंका होती, पुरावा नव्हता. दोन जोड्या तुटल्या असतील तर कुठे आणि कशा, हे हाती आल्याशिवाय या माणसाला उगाच आशा लावणं बरं नव्हतं. मी विचारलं, "केंद्रात अलीकडे काही बदल झाला होता?"

"काही नाही. अपघातानंतर दूरहाताच्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. पडद्यावर हजार दिसत होतं, म्हणून बाकी काही उघडलं नाही." ते पहिल्यांदाच हसले. "हां, एक झालं. घंटा आली. पूर्वी बाळंतीण आली की मुजावर सिस्टरांना क्वार्टरवरून हाक मारून आणावं लागायचं. दिवाळीनंतर तुमच्या वडिलांनी घंटा बसवून दिली. बटण दाबलं की दोन मिनिटांत सिस्टर हजर. त्या घंटेमुळे दोन बायका आणि एक सर्पदंश वाचलाय. देवमाणूस आहेत आप्पा."

मी कप खाली ठेवला. आमच्या लहानपणच्या घरात आप्पांनी एकाच केबलमधून फोन, दारावरची बेल आणि माजघरातला स्पीकर चालवला होता. तार मोकळी पडलेली त्यांना बघवतच नाही.

शनिवारी सकाळच्या लाँचने बामणोलीहून निघाले. आप्पा धक्क्यावर उभे होते. शहात्तर वर्षांचे, पांढरी टोपी, खिशात टेस्टर. टेकडी चढून केंद्राकडे जाताना ते दोनदा थांबले. मी बघितलं तर म्हणाले, "चढ हाय." तो चढ आधीपासूनच होता. पण माझं डोकं तारेत अडकलेलं होतं.

केंद्राच्या मागे शिडी लावून मी छताखालची पेटी उघडली. छतावरच्या डिशकडून आलेली केबल आत येत होती. नारिंगी आणि हिरवी जोडी यंत्राकडे गेली होती. निळी आणि तपकिरी अतिशय सुबकपणे बाजूला काढून, नीट पीळ देऊन, घंटेच्या तारेला जोडली होती. जोड असा की खात्यात बक्षीस मिळावं.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"व्हय. मग काय क्वार्टरपर्यंत नवी तार ओढायची? चार जोड्या. दोनच बोलत व्हत्या, दोन नुसत्या पडून."

"पूर्वी दोनच बोलायच्या, आप्पा. तुमच्या वेळी. आता चारही लागतात."

त्यांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "तसं कसं? मी जोडल्यावर बघितलं की. आंधळ्यासारखा न्हाई जोडला. यंत्राचा पडदा बघितला. आधी हजार व्हतं. नंतर बी हजारच. म्हटलं, काय बिघडलं न्हाई. बिघडलं असतं तर तवाच काढली असती."

मी शिडीवर बसून राहिले. माझ्या बापाने काम केलं आणि कामानंतर तपासूनही पाहिलं. तपासताना ज्याला विचारलं ती मी होते, आणि मी त्यांना सांगितलं, सगळं ठीक आहे.

"आप्पा, तो आकडा माझा आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. शुक्रवारचा फळा, पिवळा ठिपका, जिलेबी, सगळं.

त्यांनी शिडी धरून वर आपल्या जोडाकडे बघितलं. मग म्हणाले, "आन् हौसाला लागलं."

"हो."

"आन् डॉक्टर म्हनतोय त्याचा हात गेला."

"हो."

"मग त्याला दावून दे आधी. बाकीचं आपण दोघं मागनं बघू."

दाखवायचं कसं, ते मुजावर सिस्टरांनी सुचवलं. शबाना मुजावर त्या केंद्रात चौदा वर्षं आहेत आणि त्यांच्या परसात दुधी होतात. एक जाड दुधी आणला, बाजूने चीर देऊन आत सुपारी खोचली, वरून जेल फासलं आणि दूरहाताखाली ठेवला. मी साताऱ्याला फोन लावला. डॉक्टर आधी नाहीच म्हणाले.

"दुधी आहे डॉक्टर, दुधी. त्याला काही होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासाठी एकदा हातमोजा घाला."

मी अट घातली: सुई सुपारीला टेकली की थांबायचं, आणि मधेमधे आम्ही इथे काय करतो ते विचारायचं नाही. पहिल्या वेळी काही न बदलता करून पाहिलं. सुई सुपारीच्या बाजूने घसरून पलीकडे गेली. फोनवर डॉक्टरांचा श्वास ऐकू आला. मी आप्पांना खूण केली. त्यांनी निळी-तपकिरी घंटेवरून सोडवून पुन्हा केबलमध्ये बसवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या वेळी सुई सुपारीला टेकली आणि जागच्या जागी थांबली. मग आप्पांनी पुन्हा घंटा जोडली, सुई पलीकडे. काढली; सुई सुपारीवर. असं सहा वेळा केलं. सहाही वेळा पडद्यावरचा आकडा हजारच होता.

"बाई," डॉक्टरांचा आवाज आला, "काय करताय तुम्ही तिकडे?"

"आप्पा घंटा लावतायत आणि काढतायत."

  पलीकडे ते रडत होते. म्हणाले, "म्हणजे बोटं खरं सांगत होती," आणि फोन ठेवून दिला. मुजावर सिस्टर पदराने डोळे पुसत दुधी उचलून आत घेऊन गेल्या. आप्पा टोपी काढून टेबलाशी उभे होते.

दुपारी मी हर्षदला फोन करून सगळं सांगितलं. तो हुशार मुलगा आहे, लगेच वाट काढली.

"ताई, मग सोपं आहे की. अनधिकृत माणसाने केबल छेडली, हे पूर्ण खरं आहे. तेवढंच लिहू. डॉक्टर सुटतात. ड्रायव्हरचा उल्लेख कशाला? तो दोन लाखांवर यंत्रांत आहे. दवाखान्यांत, धरणांच्या दरवाजांत, कुठे कुठे."

"अनधिकृत माणूस म्हणजे माझे वडील, हर्षद."

तो थोडा चपापला. "मला माहीत नव्हतं. सॉरी. मग जुनीच ओळ लिहा. वेग बरोबर होता. वडीलही सुटतात, तुम्हीही."

"आणि डॉक्टर?"

त्याने फोन ठेवला. खरं सांगायचं तर मीही लगेच लिहायला घेतलं नाही. तासभर अंगणात बसून होते. एका बाजूला एकट्या आप्पांवर खापर फोडणारं अर्धं खरं, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या नशिबावर फिरवलेला बोळा. दोन्हींत माझं नाव कुठेच नव्हतं आणि दोन्ही किती सोयीची होती, ते मला लख्ख दिसत होतं. मला भीती वाटत होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या नोकरीत, मी पहिल्यांदाच चोरासारखी घाबरले होते.

आप्पा शेजारी येऊन बसले. "लिही," ते म्हणाले. "माझं नाव पयलं लिही. ज्ञानदेव रामा शेलार, निवृत्त लाइनमन."

"तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आप्पा. वैद्यकीय यंत्र आहे ते."

"हौदे. जोड माझा हाय. दुसऱ्याच्या नावावर जोड दिलेला मला न्हाई चालत."

मी लिहिलं. हर्षदच्या हातात न देता थेट समितीला पाठवलं. शेवटचं वाक्य असं होतं: शेलार यांनी तार बदलल्यावर वेग तपासला होता, त्यांना चुकीचा वेग सांगणारी ओळ मी तीस साली लिहिली, आणि त्या क्षणी खरं उत्तर 'माहीत नाही' हे आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

समितीने डॉक्टरांना मोकळं केलं. आप्पांना लेखी ताकीद मिळाली की केंद्राच्या कुठल्याही तारेला हात लावू नये. ती त्यांनी घडी घालून खात्याच्या जुन्या ओळखपत्रामागे ठेवली, पण त्याआधी सिस्टरांच्या देखत घंटेसाठी वेगळी तार ओढून घेतली. मला कंपनीने ड्रायव्हरच्या कामावरून काढायचं ठरवलं. मात्र जाण्याआधी ती ओळ मीच दुरुस्त करावी असा हट्ट मी धरला, आणि त्यांच्याकडेही दुसरं कुणी नव्हतं. आता खण रिकामा असेल तर ड्रायव्हर सांगतो, माहीत नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारत राहतो. दूरहाताच्या लोकांनी त्यांच्या बाजूने नियम केला, वेग माहीत नसेल तर हात सुई धरणारच नाही.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी सकाळी दोन लाख यंत्रांत नवा ड्रायव्हर उतरला. दहा वाजेपर्यंत आमच्या ऑफिसातले सगळे फोन वाजत होते. काल सगळं हिरवं होतं, आज पिवळं कसं? तुम्ही बिघडवलंत. चार हजार एकशे बारा यंत्रांनी आपला वेग शंभर किंवा माहीत नाही असा सांगितला होता. मी एकेका ठिकाणी समजावत होते, काल पण शंभरच होता हो, काल तुम्हाला कळलं नव्हतं. कुणालाही ते पटत नव्हतं. हर्षदने संध्याकाळी माझ्या टेबलावर जिलेबीचा पुडा ठेवला. मला ती काही खाववली नाही.

एवढं सगळं होऊनही डॉ. धायगुडे हातमोजा घालत नव्हते. राजीनामा दिला नव्हता, खोलीत येऊन बसत होते, फोनवरून औषधं सांगत होते, पण हात पेशंटला लावायचा म्हटलं की काही ना काही निघायचं. "सुपारी वेगळी आणि माणूस वेगळा," सिस्टरांना म्हणाले. महिनाभर स्वतःच्या हातावर अविश्वास ठेवला की तो समितीच्या कागदाने परत येत नाही, हे मला कळत होतं, आणि करता काहीच येत नव्हतं.

त्या रविवारी मी गावी गेले. केंद्रात सिस्टर, मी आणि आप्पा होतो. स्पीकरवर डॉक्टर कुणाच्या तरी तापाची चौकशी करत होते. आप्पांनी एकाएकी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि टेबलावर जाऊन झोपले.

"डॉक्टर," ते वर बघून म्हणाले, "मला बघा. धाप लागतीय मला."

मला हसू आलं. म्हाताऱ्याची युक्ती ओळखली मी. डॉक्टरांनीही ओळखली असावी. "आप्पा, नाटकं नकोत," ते म्हणाले.

"नाटक न्हाई. पायरी चढलो की छाती भरती. झोपताना दोन उशा लागत्यात. पाय सुजत्यात, हे बघा." त्यांनी पायजमा वर केला. सिस्टरांनी घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला.

माझं हसू जागच्या जागी विरलं. साताऱ्याहून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हातमोज्याची चेन लावल्याचा. दूरहात हळूच जागचा हलला.

"कधीपासून, आप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "म्हाईत न्हाई म्हननार व्हतो," ते म्हणाले, "पण म्हाईत हाय. गणपतीपासनं."

गणपतीपासून पाच महिने होतात. पाच महिन्यांचे रविवार मी मनात मोजायला लागले. प्रत्येक रविवारी मी विचारलं होतं आणि प्रत्येक रविवारी त्यांनी मला हजार सांगितलं होतं. मीही पुन्हा कधी विचारलं नाही. टेकडीवर ते दोनदा थांबले, तेव्हाही नाही.

"श्वास धरा," डॉक्टर म्हणाले. "आणि घाबरू नका, वेळेत सांगितलंत. यावर औषध आहे."

आप्पांनी श्वास धरला. यंत्राचा हात बरगडीवर टेकला, थांबला, अगदी जरासा सरकला. पडद्यावर आकडा होता, पण मी तिकडे बघितलं नाही. मी आप्पांचा हात हातात घेऊन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले.